पिन पास, फ्लो नापास

साठ्ये साहेबांनी सरकारला फसवलं, माझ्या हातून फसवलं, आणि पकडले जायची वेळ आली तेव्हा मला फसवलं. यातल्या पहिल्या फसवणुकीत मी सामील होतो. हे इथेच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला ते ऐकवायला नको.

नव्वदच्या दशकाचा मध्य. मंगळवारची सकाळ. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या छोट्या कारखान्यात, गाळ्यात, फोन वाजला. साठ्ये म्हणजे कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका मोपेड कंपनीचे परचेस मॅनेजर. माझ्या गाळ्यातलं जवळजवळ सगळं काम या एका कंपनीचं.

"कदम, ताबडतोब प्लांटला या."

"काय झालं साहेब?"

"फोनवर नाही. आणि निळ्या डब्याबद्दल कुणाशी एक अक्षर बोलू नका. वॉचमनशीसुद्धा."

मी फोन ठेवला. निळा डबा म्हणजे काय ते जगात चार-पाच माणसांनाच माहीत होतं, आणि त्यातले दोघे आम्हीच.

मी जेट बनवायचो. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाच्या आधी पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात ती जागा. जेट म्हणजे त्याच्या आतला पितळी स्क्रू, करंगळीच्या नखाएवढा, मधोमध आरपार बारीक भोक असलेला. या भोकातून किती पेट्रोल जातं त्यावर इंजिन कसं जळतं ते ठरतं. जास्त गेलं तर ते पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो विषारी आहे. गाडीतून तो किती निघावा याची मर्यादा सरकारने घालून दिली होती.

जेट तपासायच्या दोन पद्धती. पहिली, पिन. एक बारीक पिन भोकातून आरपार जायला हवी, तिच्याहून जराशी जाड जायला नको. दोन सेकंदांचं काम. दुसरी, फ्लो. जेट एका नळीवर बसवायचा, ठरावीक दाबाने त्यातून हवा सोडायची, आणि काचेच्या उभ्या नळीतला छोटा गोळा किती वर चढतो ते बघायचं. नळीवर दोन रेषा असतात. गोळा दोन रेषांच्या मध्ये थांबला तर जेट पास. याला वेळ लागतो, माणूस अडकतो. पण खरं काय ते फ्लोच सांगतो. पिन फक्त भोकाचं माप सांगते, त्यातून किती जाईल ते नाही.

कंपनीच्या ड्रॉइंगवर स्वच्छ लिहिलेलं होतं, शंभर टक्के फ्लो टेस्ट, म्हणजे प्रत्येक जेटची. ऑर्डर घ्यायला गेलो तेव्हा मी भाव वाढवून मागितला. मी ठाकुर्लीच्या चाळीतला माणूस, टर्नरची नोकरी करून, एक-एक मशीन जोडून गाळा उभा केलेला. भाव सोडत नाही. साठ्येही सोडेनात. शेवटी नौपाड्यातल्या एका हॉटेलात चहा घेताना ते म्हणाले, "कदम, सरकारी टेस्टला गाड्या कोण पाठवतं?"

"तुम्ही."

"मग तेवढ्या गाड्यांपुरते फ्लो केलेले जेट द्या. त्यांच्यावर निळा ठिपका मारा, वेगळ्या निळ्या डब्यात माझ्या केबिनला पाठवा. बाकीचे पिन पास चालतील. आहे त्या भावात तुमचं काम निम्मं झालं की नाही?"

झालं होतं. मी लगेच हो म्हटलं. घासाघिशीत आपण जिंकलो असं मला वाटलं. त्या काळचा नियमच असा होता, की कंपनीने आपल्या पसंतीच्या गाड्या पुण्याच्या टेस्टिंग एजन्सीकडे न्यायच्या, पास करून आणायच्या, मग त्या मॉडेलच्या हजारो गाड्या विकायला मोकळं. निवडलेल्या गाड्या निवडलेल्या जेटवर पास व्हायच्या. साडेतीन वर्षं असं चाललं.

मंगळवारी प्लांटवर पोचलो तेव्हा साठ्ये कॉरिडॉरमध्येच उभे होते. मला बघताच बोलायला लागले.

"नियम बदललाय. आता गाड्या आपण पाठवायच्या नाहीत. एजन्सीचा माणूस न सांगता येतो आणि डिस्पॅच यार्डातून त्याला हवी ती गाडी उचलतो. गेल्या आठवड्यात तीन उचलल्या. दोन नापास."

"जेटमुळे?"

"कार्ब्युरेटर उघडला त्यांनी. जेट पिनला ओके, फ्लोला बाहेर. सुधारायला दहा दिवसांची मुदत दिलीय, मग दुसरं सॅम्पल उचलणार. तेही नापास झालं तर मॉडेलचं सर्टिफिकेट रद्द. मग डिस्पॅच बंद, लाइन बंद." मग म्हणाले, "आणि कदम, तुम्ही बंद."

हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. माझ्याकडे बावीस माणसं होती.

केबिनमध्ये नेऊन त्यांनी टाइप केलेलं पत्र पुढे सरकवलं. माझ्याच लेटरहेडवर. ते त्यांच्याकडे कसं आलं मी विचारलं नाही. ऑर्डर लवकर निघावी म्हणून सही नसलेली लेटरहेड मीच देऊन ठेवायचो, सगळेच व्हेंडर देतात.

पत्रात लिहिलं होतं, व्हेंडरने कंपनीला अंधारात ठेवून फ्लो टेस्ट वगळली.

"अंधारात?" माझा आवाज चढला. "साहेब, नौपाड्यात भर दुपारी तुमच्यासमोर बसून ठरलंय हे!"

"ओरडू नका. लेखी आहे तुमच्याकडे?"

"तुम्ही कधी दिलंत?"

"तुम्ही कधी मागितलंत?"

मागितलं नव्हतं. पितळेचा भुसा विकतानासुद्धा मी वजनाची चिठ्ठी घेतो. इथे घेतली नव्हती, कारण जे ठरलं ते कागदावर येऊ नये असं मलाही वाटत होतं.

"हे बघा," साठ्ये खाली बसले, "व्हेंडरची चूक म्हटली की कंपनीला सुधारायला वेळ मिळतो. कंपनीची चूक म्हटली तर आजच शटर. तुम्हाला काय हवंय?"

मी सौदा केला. सवयच ती. "सही करतो. पण माझी ऑर्डर हलता कामा नये. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. लिहून द्या."

"असं कुणी लिहून देतं का? माझा शब्द आहे."

मी सही केली. आयुष्यात इतका वाईट सौदा दुसरा केला नाही.

त्याच दिवसापासून गाळ्यात प्रत्येक जेट फ्लोवर चढू लागला. शंभरात चाळीस बाहेर जायचे, बहुतेक वरच्या रेषेच्या वर. म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारे. पिन मात्र सगळ्यांना नीट बसत होती. यार्डातल्या सगळ्या गाड्यांचे जेट बदलायचे होते आणि लाइनला नवे द्यायचे होते. या वेगाने दहा दिवसांत अर्धेही होणार नव्हते.

पहिले दोन दिवस मी दुसऱ्यांच्या अंगावर धावून जाण्यात घालवले. पितळेच्या रॉडवाल्याशी भांडलो, त्याचा माल परत पाठवला. फ्लोचं मशीन बिघडलंय म्हणून मेकॅनिकला बोलावलं, त्याने ते ठीक असल्याचं सांगितलं तर त्याच्यावरही ओरडलो. तिसऱ्या दिवशी ऑपरेटरला शिव्या घालत होतो तेव्हा फ्लोच्या मशीनवर बसणाऱ्या हिराबाई म्हणाल्या, "शेठ, मना इचारा ना. मी सांगतंय."

हिराबाई चेंदणी कोळीवाड्यातल्या. सात वर्षं माझ्याकडे होत्या. त्यांनी एक वही पुढे केली. कुठल्या मशीनचा जेट, किती वाजता, गोळा कुठे थांबला, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं.

"नवा डिरिल लावला का पयले जेट सगले रेषेत बसतान. मंग हलू हलू गोला वर जातं. नवा डिरिल लावला का परत खाली."

"पण भोक तर तेवढंच आहे. पिन बसतेय."

"भोक तेवढाच हाय. पण डिरिल बोथट झाला का काठावर कुस येते. ती काढाला पोरी पॉलिश पेपर मारतान. पेपर मारला का काठ गुळगुळीत. मंग हवा घसरून जाते."

कुस म्हणजे बोथट ड्रिल भोकाच्या काठावर सोडतं ती पितळेची बारीक कड. बरोबर होतं. भोकाच्या तोंडाचा काठ धारदार असला की आत शिरणारा प्रवाह तिथे आखडतो. काठ घासून गोल केला की अडथळा जातो आणि त्याच भोकातून जास्त पेट्रोल सुटतं. पिनला हे कधीच कळणार नव्हतं.

"मग ड्रिल आधीच बदलायला सांगायचं नाही का, हिराबाई?"

"आता काय सांगू तुमाला! तुमीच सांगलाव ना, डिरिल मेल्याशिवाय बदलाचा नाय. भिंतीवर लिवलाय."

भिंतीवर खरंच लिहिलेलं होतं. माझ्या अक्षरात. पोरी तोंड फिरवून हसत होत्या. मी पाटी काढली. नवा नियम केला. चारशे जेट झाले की ड्रिल बदलायचं, मेलेलं असो नाहीतर जिवंत. पॉलिश पेपर गाळ्यातून हद्दपार. ऑपरेटर कुरकुरला, "शेठ, चांगलं ड्रिल फेकायचं?" मी म्हटलं, "फेकू नको, माझ्या टेबलावर ठेव, बघून मला शहाणपण येऊ दे."

दुसऱ्या दिवशी शंभरात दोन-तीनच बाहेर गेले. हे सगळं मी एका कागदावर लिहिलं आणि त्याला प्रोसेस शीट असं मोठं नाव दिलं. एक प्रत साठ्येंना पाठवली. ते खूश झाले.

नवव्या दिवशी शेवटचा डबा गेला. दहाव्या दिवशी सकाळी मी स्वतः प्लांटवर गेलो, कारण मला झोप लागत नव्हती. यार्डात मोपेडच्या सात रांगा. मी फिटरला विचारलं, "सगळ्यांचे बदलले?"

"सहा रांगांचे. ती भिंतीकडची राहिली. साठ्ये साहेब म्हणाले, पुढच्या पुरेत, उन्हात एवढ्या लांब कोण जातंय."

माझं डोकं फिरलं. "तुझे साहेब तीन गाड्या गेल्या तरी शिकले नाहीत? जेट कुठायत?"

"स्टोअरला."

"आण. आणि अजून एकाला घेऊन ये."

एजन्सीचे अधिकारी आधीच आलेले होते. मुजुमदार नाव, शांत माणूस, केबिनमध्ये त्यांना चहा दिला होता. आम्ही तिघे भिंतीकडच्या रांगेत जमिनीवर बसलो. कार्ब्युरेटरची खालची वाटी सोडायची, पेट्रोल सांडायचं, जुना जेट काढायचा, नवा बसवायचा, वाटी परत लावायची. पंचवीस गाड्या. माझ्या शर्टाला पेट्रोल लागलं, बोटं सोलली. फिटर म्हणाला, "शेठ, तुम्ही राहू द्या, आम्ही करतो." मी म्हटलं, "बोलू नको, स्क्रू लाव."

एकवीस झाल्या होत्या. मान वर केली तर मुजुमदार रांगेच्या टोकाला उभे. त्यांच्यामागे साठ्ये.

"काय चाललंय?" मुजुमदारांनी विचारलं.

साठ्ये म्हणाले, "सर, क्लीनिंग..."

"जेट बदलतोय," मी म्हटलं. "ही रांग राहिली होती. चार गाड्या बाकी आहेत."

 फिटरच्या हातातला पाना खाली पडला.

"तुम्ही कोण?"

"कदम. जेट मी बनवतो."

"त्या चार बाजूला काढा, त्यांना सील लावा," मुजुमदार साठ्येंना म्हणाले. "त्या आज मोजायच्या नाहीत आणि जेट बदलल्याशिवाय विकायच्याही नाहीत." मग त्यांनी तीन गाड्या उचलल्या. पुढच्या रांगेतली एकही नाही. तिन्ही मागच्या दोन रांगांतल्या.

गाड्या टेम्पोत चढत असताना ते माझ्याजवळ आले. साठ्ये चार पावलांवर. मुजुमदारांच्या हातात माझी सही असलेलं पत्र होतं.

"मिस्टर कदम, ड्रॉइंगवर फ्लो टेस्ट लिहिलेली आहे. साडेतीन वर्षं तुम्ही ती केली नाहीत. हे तुम्ही स्वतः ठरवलंत, की कुणी सांगितलं?"

मी साठ्येंकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, टेम्पोच्या नंबरप्लेटकडे बघत होते. खरं सांगितलं असतं तर त्या क्षणी कंपनी बुडाली असती, आणि माझे बावीस लोक. आणि मी शब्द घेतला होता.

"माझीच चूक झाली साहेब," मी म्हटलं.

मुजुमदारांनी पत्रावरची सही पुन्हा एकदा बघितली. त्यांना कळलं होतं असं मला आजही वाटतं. मग त्यांनी पत्र फाइलमध्ये ठेवलं.

तिन्ही गाड्या पास झाल्या. काठावर नाही, चांगल्या फरकाने. साठ्येंनी फोन करून सांगितलं, वर म्हणाले, "अहो कदम, मायलेजही वाढलं म्हणे!" वाढणारच. जे पेट्रोल सायलेन्सरमधून धूर होऊन जात होतं ते आता इंजिनात जळत होतं. गाळ्यातलं रिजेक्शन कमी झालं. ड्रिलवर जास्त खर्च व्हायचा, पण फेकला जाणारा माल उरला नाही, त्यामुळे मी फायद्यातच होतो. ज्या टेस्टसाठी मी भाव वाढवून मागितला होता आणि साठ्येंनी जी टाळायला लावली होती, ती करून दोघांचंही भलंच झालं. पण आम्ही ती आपणहून केली असती का? शंभर वर्षं नसती केली.

मी कारखानदार आहे, इन्स्पेक्टरांवर प्रेम करणाऱ्यांपैकी नाही. तरी हे लिहितो. धुराच्या मर्यादेचा आकडा त्या वर्षी बदलला नव्हता. बदललं एवढंच, की गाडी कोण उचलणार. कंपनी उचलत होती तोवर नियम कागदावर होता आणि मी निळे ठिपके मारत बसलो होतो. परका माणूस मागच्या रांगेतली गाडी उचलायला लागला, आणि दहा दिवसांत एका गाळ्यातलं ड्रिल वेळेवर बदलायला लागलं. नियम करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. आकडा कितीही कडक करा, नमुना आमच्या हातात ठेवलात तर आम्ही नमुनाच सुधारू, माल नाही.

चार महिन्यांनी माझी ऑर्डर बंद झाली.

मी प्लांटवर गेलो. साठ्येंनी बसायला सांगितलं, चहाही मागवला.

"आमचा नाइलाज आहे कदम. ऑडिट झालं. ज्या व्हेंडरने टेस्ट लपवल्याचं लेखी कबूल केलंय त्याच्याकडून माल घेता येत नाही."

"ते पत्र तुम्ही टाइप केलंत."

"सही तुमची आहे."

"आणि तुमचा शब्द?"

"कदम, तुम्ही धंदा करता ना? मग?"

कपातला चहा तसाच टाकून मी उठलो. जाता जाता जे बोललो ते इथे छापता येणार नाही. बाहेर स्टोअरच्या खिडकीत नव्या व्हेंडरचा माल उतरत होता, डोंबिवलीतल्या एका गाळ्याचा. डब्याबरोबर प्रोसेस शीट जोडलेली. चारशे जेटनंतर ड्रिल बदला, पॉलिश पेपर वापरू नका. शब्द न् शब्द माझा, खाली नाव दुसऱ्याचं. बावीसातल्या आठ माणसांना मी घरी पाठवलं, बाकीच्यांना किरकोळ कामांवर तगवलं. त्या आठांतला एकही पिन-पास ठरवण्यात सामील नव्हता. गाळा पुन्हा उभा करायला मला सहा वर्षं लागली.

साठ्ये पुढे जनरल मॅनेजर झाले. आता निवृत्त आहेत. ठाण्यात कार्यक्रमांना बोलावतात त्यांना, उद्योग आणि पर्यावरण या विषयावर बोलायला. आपल्या काळात कंपनीने धूर कसा कमी केला ते सांगतात. धूर कमी झाला हे खरं आहे. तो एका नियमामुळे झाला, आणि हिराबाईंच्या वहीमुळे.

माझा हिशेब मी वर मांडला आहे. निळा ठिपका मी मारला, सही मी केली, मुजुमदारांसमोर खोटं मी बोललो. तीन गोष्टी, तिन्ही माझ्या नावावर. आता साठ्ये साहेब, तुम्ही सांगा. पिन पासचा निर्णय कुणाचा होता? साडेतीन वर्षं त्या गाड्यांच्या मागे रस्त्यावर उभं राहून ज्यांनी तो वायू ओढला, त्यांच्यापैकी एकालाही तुम्ही कधी काही सांगितलंत? आणि ज्या पत्रावर आठ माणसांची नोकरी गेली, ते खोटं होतं हे कंपनीच्या फाइलमध्ये तुमच्या सहीने कधी लिहिणार? मी जिवंत आहे, तुम्हीही आहात. लेखी उत्तर द्या. या वेळी मी मागतोय.